जुन्या पोलीस मोटारीचा मूळ रंग आणि चिन्हे : जीर्णोद्धारातील साधनचिकित्सा
(विशेष संदर्भ : लॉस एंजेलिस व न्यूयॉर्क)

बीजसंज्ञा : पोलीस मोटार, जीर्णोद्धार, रंगसंगती, अस्सल साधन, छायाचित्र, कालविपर्यास

प्रस्तावना :

इतिहासाची साधने म्हटली की कागदपत्रे, शिलालेख, ताम्रपट, नाणी व बखरी यांचा प्रथम विचार होतो. विसाव्या शतकाच्या इतिहासासाठी मात्र यंत्रे आणि वाहने हीदेखील महत्त्वाची साधने ठरतात. अमेरिकेतील ओहायो राज्यातील ॲक्रन शहरात १८९९ मध्ये पोलिसांसाठी विजेवर चालणारी गाडी वापरात आली. त्यानंतरच्या अर्धशतकात पायी गस्त घालणाऱ्या शिपायाची जागा अमेरिकन शहरांत मोठ्या प्रमाणावर मोटारीने घेतली. फोर्डने १९५० मध्ये आणि शेव्हरलेने १९५५ मध्ये खास पोलिसांसाठी वेगळी सामग्री असलेल्या गाड्या देऊ केल्या. नागरिकाला राज्यसत्तेचे दर्शन घडे ते बहुधा रस्त्यावरून जाणाऱ्या या गाडीच्या रूपाने.

अशा गाड्या आज संग्रहालयांत व खासगी संग्राहकांकडे पुन्हा उभ्या केल्या जात आहेत. इंजिन, गिअर, चाके यांची दुरुस्ती हा तंत्रज्ञाचा प्रांत आहे. परंतु गाडीचा रंग नेमका कोणता होता, दारावरील अक्षरे कोणत्या वळणाची होती, कोणते चिन्ह कोणत्या वर्षी आले, हे प्रश्न निखळ इतिहाससंशोधनाचे आहेत. त्यांची उत्तरे चुकली तर उत्तम चालणारी गाडीसुद्धा खोटा दस्तऐवज ठरते. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार साधनचिकित्सेच्या अंगाने केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. पोलीस मोटारीच्या रंगाला ऐतिहासिक साधन म्हणून कोणते स्थान आहे, हे पाहणे.
२. मूळ रंग व चिन्हे ठरविण्यासाठी उपलब्ध असलेल्या साधनांची विश्वसनीयता तपासणे.
३. जीर्णोद्धार करताना कोणता काळ निवडावा आणि कोठे थांबावे, याची चर्चा करणे.

रंगाचे कायदेशीर स्थान :

खासगी मोटारीचा रंग हा मालकाच्या आवडीचा विषय असतो. पोलीस मोटारीचा रंग तसा नसतो. कॅलिफोर्नियाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्या राज्याच्या वाहन संहितेतील कलम ४०८०० नुसार, वाहतूक नियमांच्या अंमलबजावणीसाठी मुख्यत्वे नेमलेल्या अधिकाऱ्याने पूर्ण गणवेश घालणे आवश्यक आहे आणि त्याच्या मोटारीला आयुक्ताने ठरवून दिलेला वेगळा ओळखू येणारा रंग असणे बंधनकारक आहे. कलम ४०८०४ त्याच्याही पुढे जाते. वेगमर्यादेच्या खटल्यात, अटकेच्या वेळी अशा अधिकाऱ्याच्या गाडीला तो रंग नसेल, तर त्याची साक्षच ग्राह्य धरता येत नाही.

या तरतुदीमागे लपून बसून नागरिकाला पकडणाऱ्या पोलिसाविषयीचा अविश्वास आहे. सत्तेने आपले कर्तव्य उघडपणे, सर्वांना दिसेल अशा रीतीने बजावावे, ही अपेक्षा येथे रंगाच्या रूपाने कायद्यात उतरली आहे. दिव्यांचीही गोष्ट वेगळी नाही. त्याच संहितेनुसार आणीबाणीच्या वाहनावर समोरून किमान १,००० फुटांवरून दिसेल असा एक तरी स्थिर लाल दिवा असावा लागतो. म्हणून अन्य शहरांच्या जुन्या छायाचित्रांत छतावर फिरता दिवा दिसतो, तर १९६०च्या दशकातील लॉस एंजेलिसच्या गाडीवर पुढे रोखलेले लाल दिवे दिसतात. हा फरक शोभेपुरता नाही. त्यातून त्या राज्याचा कायदा वाचता येतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पोलीस मोटारीवरील रंग हा शासनाने प्रसृत केलेला एक प्रकारचा हुकूमनामा आहे. तो बदलणे म्हणजे कागदावरील मजकूर बदलण्यासारखेच आहे. जुन्या कागदाची नक्कल करताना जी शिस्त पाळली जाते, तीच येथेही पाळली गेली पाहिजे.

अस्सल साधन : गाडीचा स्वतःचा देह

वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. बखरींपेक्षा अस्सल पत्रांना अधिक प्रामाण्य द्यावे, हा त्यांचा आग्रह मराठी वाचकांस परिचित आहे. हीच प्रतवारी प्रस्तुत विषयाला लावली, तर पहिले अस्सल साधन म्हणजे ती गाडीच होय.

कारखान्यातून बाहेर पडताना गाडीवर धातूची एक लहान पट्टी बसविलेली असे. तीवर गाडीचा प्रकार, इंजिन, आतील गाद्या व बाहेरील रंग यांचे संकेतांक असत. पोलीस गाड्यांच्या बाबतीत हे संकेतांक विशेष काळजीने वाचावे लागतात. फोर्डच्या गाड्यांवर खास मागणीने बनविलेल्या वाहनांसाठी ‘डीएसओ’ ही वेगळी नोंद असे आणि रंग खास असल्यास नेहमीचा रंगसंकेत तेथे आढळत नाही. क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांवर खास रंगासाठी ‘९९९’ हा आकडा दिसतो. म्हणजे पट्टीवरील मौनही काही सांगत असते. रंगसंकेत नाही, यावरून पट्टी निरुपयोगी ठरत नाही. उलट ती गाडी सर्वसाधारण गिऱ्हाइकासाठी बनलेली नव्हती, याचा तो पुरावा असू शकतो.

पट्टीनंतर रंगाचे थर येतात. सेवेतून निवृत्त झालेली पोलीस मोटार लिलावात विकताना तिच्यावरील चिन्हे काढून टाकली जात आणि अनेकदा सबंध गाडी एकाच रंगाने रंगविली जाई. पुढच्या मालकांनीही आपापल्या परीने भर घातलेली असते. अशा वेळी एखाद्या आडोशाच्या जागी बारीक पॉलिश पेपरने हळूहळू घासत गेल्यास एकाखाली एक रंगांची वर्तुळे उघडी पडतात. पुरातत्त्वीय उत्खननातील स्तरांप्रमाणेच त्यांचा क्रम लावता येतो. रंगाचा सूक्ष्म तुकडा आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास हा क्रम अधिक खात्रीने वाचता येतो.

दाराच्या आतील कडा, बिजागऱ्यांमागील भाग, डिकीच्या झाकणाखालची पन्हळ आणि आसनांखालचा पत्रा या जागा सर्वांत बोलक्या असतात. काळ्या-पांढऱ्या गाडीचे दार बाहेरून पांढरे आणि आतील कडेला काळे असेल, तर ती गाडी मुळात काळी आली व दारे नंतर पांढरी केली गेली, असा तर्क करता येतो. कडादेखील पांढरी असेल आणि पांढऱ्याखाली थेट अस्तराचा थर लागला, तर ते दार कारखान्यातच पांढरे झाले असण्याची शक्यता वाढते. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या भेदातून पोलीस खात्याची खरेदीची पद्धत आणि स्थानिक कार्यशाळेचे काम यांवर प्रकाश पडतो.

चिन्हांच्या बाबतीतही गाडीचा पत्रा साक्ष देतो. दारावर अनेक वर्षे असलेले चिन्ह काढले, तरी त्याखालचा रंग उन्हापासून बचावलेला असतो. तिरप्या प्रकाशात पाहिल्यास त्या जागी अक्षरांची पुसट आकृती दिसते. छतावर भोंगा व दिवे बसविण्यासाठी पाडलेली आणि नंतर बुजविलेली भोकेही अशीच मोजून नोंदवावी लागतात. जीर्णोद्धाराच्या उत्साहात सगळा पत्रा एकदम घासून स्वच्छ केला, तर हा पुरावा कायमचा नाहीसा होतो. अस्सल पत्र वाचण्यापूर्वीच धुऊन टाकण्यासारखा हा प्रकार आहे.

छायाचित्रांची साक्ष व तिच्या मर्यादा :

गाडीचा देह अपुरा पडतो तेथे छायाचित्रांकडे वळावे लागते. न्यूयॉर्क शहराच्या अभिलेखागारात तेथील पोलीस खात्याच्या छायाचित्रांचा मोठा संग्रह आहे. त्याच शहरात १९३९ ते १९४१ या काळात करआकारणीसाठी इमारतींची छायाचित्रे घेतली गेली. अशा चित्रांचा हेतू मोटारी टिपण्याचा नव्हता. अपघाताचे स्थळ वा इमारतीचा दर्शनी भाग टिपताना रस्त्यावरील गाडी ओघाने चित्रात येते. हेतुपुरस्सर दिलेल्या साक्षीपेक्षा ही आनुषंगिक साक्ष अनेकदा अधिक निर्मळ असते. खात्याने प्रसिद्धीसाठी काढलेल्या चित्रात गाडी नवीकोरी व धुतलेली असते. रस्त्यावरच्या चित्रात ती रोजच्या वापरातील असते.

तथापि, कृष्णधवल छायाचित्र रंगाविषयी बोलते तेव्हा ते सावधपणे ऐकले पाहिजे. जुन्या ‘ऑर्थोक्रोमॅटिक’ फिल्मला लाल प्रकाश जवळजवळ दिसत नसे. त्यामुळे लाल वस्तू चित्रात काळसर आणि निळी वस्तू फिकट उमटे. पुढे आलेल्या ‘पॅनक्रोमॅटिक’ फिल्मने सर्व रंग टिपले. पण त्यातही भिंगावर लाल वा पिवळी काच लावली की करड्या छटा बदलतात. एकाच करड्या छटेमागे गडद हिरवा, तांबडा किंवा निळा असे निरनिराळे रंग असू शकतात. कृष्णधवल चित्रावरून गाडीच्या रंगाची विभागणी सांगता येते. म्हणजे कोणता भाग गडद व कोणता उजळ, एवढेच खात्रीने म्हणता येते. रंगाचे नाव सांगण्यास दुसरा पुरावा लागतो.

रंगीत छायाचित्र हाही अंतिम निवाडा नव्हे. १९३५-३६ मध्ये आलेल्या कोडाक्रोमवरील पारदर्शिका अंधारात नीट ठेवल्या असल्यास पुष्कळ टिकतात. इतर अनेक प्रकारच्या रंगीत फिल्म व प्रती मात्र काळाच्या ओघात फिक्या पडतात. त्यांतील निळसर रंगद्रव्य आधी उडाले की सारे चित्र तांबूस दिसू लागते. अशा चित्रावरून पांढऱ्याची छटा जुळविणारा कारागीर गाडीला नकळत मलईचा रंग देऊन बसतो.

पडद्यावरील बखर :

मूळ रंगाविषयीच्या लोकसमजुतींचा सर्वांत मोठा स्रोत म्हणजे चित्रपट व दूरचित्रवाणी. या साधनाला बखरीची उपमा देणे योग्य ठरेल. बखरीत तथ्य असते, परंतु ती रंजनासाठी वा गौरवासाठी रचलेली असते.

न्यूयॉर्क पोलिसांवरील ‘कार ५४, व्हेअर आर यू?’ ही विनोदी मालिका १९६१ ते १९६३ या काळात प्रसारित झाली. त्या काळी न्यूयॉर्कच्या पोलीस गाड्यांवर हिरवा, काळा व पांढरा हे रंग असत. शहरातील खऱ्या रस्त्यांवर चित्रीकरण करताना मालिकेतील गाडी खरी पोलीस मोटार समजली जाऊ नये, म्हणून ती लाल व पांढऱ्या रंगात रंगविण्यात आली. मालिका कृष्णधवल असल्याने पडद्यावर लाल रंगाची करडी छटा हिरव्यासारखीच दिसे. प्रेक्षकाला गाडी अगदी खरी वाटली. प्रत्यक्षात तिचा रंग जाणूनबुजून खोटा ठेवलेला होता. केवळ या चित्रफितीवरून रंग ठरविणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगावयास नको. पुढे १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या गाड्या फिकट निळ्या व पांढऱ्या झाल्या. त्यामुळे जुन्या रंगसंगतीची आठवण अधिकच धूसर झाली.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. लॉस एंजेलिसमधील गस्तीवर आधारित ‘ॲडम-१२’ ही मालिका १९६८ ते १९७५ पर्यंत चालली. तिच्या निर्मितीस तेथील पोलीस खात्याचे सहकार्य होते. तीत वापरलेल्या प्लिमथ बेल्व्हिडिअर, प्लिमथ सॅटेलाइट व १९७२ ची एएमसी मॅटाडोर या गाड्या खात्यातील गाड्यांच्या अगदी जवळच्या होत्या. पण म्हणूनच या बखरीचा मोह अधिक पडतो. जवळजवळ सर्व तपशील बरोबर असले की उरलेलेही बरोबर असतील, असे आपण मानू लागतो. शिवाय या मालिकेतील गाडीची प्रतिकृती करणे आणि रस्त्यावर सेवा बजावलेल्या एखाद्या विशिष्ट गाडीचा जीर्णोद्धार करणे ही दोन भिन्न कामे आहेत. पहिले काम मालिकेच्या इतिहासात मोडते, दुसरे पोलीस खात्याच्या.

अक्षरे, चिन्हे आणि कालविपर्यास :

रंगाच्या तुलनेत अक्षरे व चिन्हे यांचा काळ अधिक काटेकोरपणे ठरविता येतो. लॉस एंजेलिसच्या गाडीच्या दारावरील नगरमुद्रा १९०५ मध्ये स्वीकारलेली आहे. तीत अमेरिकेचे तारे व पट्टे, कॅलिफोर्नियाच्या अल्पजीवी प्रजासत्ताकाचे अस्वल, मेक्सिकोचा गरुड आणि स्पेनचे सिंह व किल्ले असे चार भाग आहेत. भोवती ख्रिस्ती मिशनांची आठवण देणारी जपमाळ आहे. एका शहरावरील राजवटींचा असा इतिहास गस्तगाडीच्या दारावर फिरत असे. घाईने केलेल्या प्रतिकृतीत ही मुद्रा ढोबळ केली, तर तो इतिहासच पुसला जातो.

मुद्रेसोबत लिहिले जाणारे ‘टू प्रोटेक्ट अँड टू सर्व्ह’, म्हणजे ‘रक्षणासाठी आणि सेवेसाठी’, हे ब्रीद जगभर परिचित झाले आहे. ते १९५५ मध्ये खात्याच्या नियतकालिकाने घेतलेल्या स्पर्धेतून पुढे आले आणि प्रथम पोलीस प्रशिक्षण अकादमीचे ब्रीद बनले. ४ नोव्हेंबर १९६३ रोजी नगर परिषदेने ठराव केल्यानंतर ते गस्तगाड्यांवर आले. तेव्हा १९५५ वा १९६० सालची म्हणून उभी केलेली लॉस एंजेलिसची गाडी हे ब्रीद मिरवीत असेल, तर तो सरळसरळ कालविपर्यास होय.

अशाच कसोट्या इतर तपशिलांना लावता येतात. अमेरिकेत ९११ या क्रमांकावरील पहिला दूरध्वनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामा राज्यातील हेलीव्हिल येथे झाला. त्यापूर्वीच्या कोणत्याही अमेरिकन गाडीवर तो आकडा असू शकत नाही. फेडरल कंपनीचा ‘बीकन रे’ हा फिरता दिवा १९४८ मध्ये बाजारात आला. १९४० च्या गाडीवर तो दिसला, तर ती गाडी १९४८ नंतरही सेवेत होती याचा स्वतंत्र पुरावा हवा. छतावरील मोठे आकडे आकाशातून गाडी ओळखण्यास उपयोगी पडतात; लॉस एंजेलिस पोलिसांचा हेलिकॉप्टर विभाग १९५६ मध्ये सुरू झाला, हे लक्षात घेता त्याआधीच्या गाडीवर असे आकडे घालण्यापूर्वी समकालीन छायाचित्र शोधणे आवश्यक ठरते.

अक्षरे कशाने लिहिली, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. हाताने रंगविलेल्या अक्षरांत कुंचल्याचा जाडबारीकपणा दिसतो, पाण्यात भिजवून उतरविलेल्या ठशाची कड वेगळी दिसते आणि यंत्राने कापलेल्या प्लास्टिकच्या चिकटपट्टीची कड त्याहून वेगळी. संगणकातील तयार वळणाची अक्षरे कापून चिकटविली की मजकूर बरोबर असूनही हस्ताक्षर खोटे ठरते.

रंगद्रव्याचा प्रश्न :

रंगाची छटा जुळली म्हणजे रंग जुळला, असे नाही. १९२० च्या दशकात मोटारउद्योगात नायट्रोसेल्युलोज लॅकर आले आणि रंग वाळण्याचा वेळ खूप घटला. पुढे फोर्ड व क्रायस्लर यांनी प्रामुख्याने एनॅमलचा मार्ग धरला, तर जनरल मोटर्सने लॅकरचा. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिने ॲक्रिलिक लॅकर स्वीकारले. रंगाचा थर व त्यावर पारदर्शक चकाकीचा थर ही आजची पद्धत १९८० च्या दशकात रूढ झाली. तिने रंगविलेली १९५० ची काळी गाडी आरशासारखी चमकते. ती सुंदर दिसते, पण तशी ती कधीच दिसली नव्हती.

नमुना घेतानाही अडचण येते. उन्हात राहिलेला रंग फिका व भुकटीसारखा होतो, म्हणून संशोधक झाकलेल्या जागेतील नमुना घेतो. परंतु तैलयुक्त एनॅमलचा पांढरा रंग दीर्घकाळ अंधारात राहिल्यास पिवळसर पडतो. म्हणजे बाहेरचा नमुना एका दिशेने फसवतो आणि आतला दुसऱ्या दिशेने. अशा वेळी यंत्राने मोजलेला आकडा जसाच्या तसा न स्वीकारता कारखान्याची जुनी रंगपत्रके, पट्टीवरील संकेतांक व अनेक जागांचे नमुने यांचा मेळ घालावा लागतो. जुळविलेला रंग दिवसाच्या व दिव्याच्या अशा दोन्ही प्रकाशांत पाहणेही आवश्यक आहे. कारण वेगळ्या रंगद्रव्यांनी साधलेली एकच छटा प्रकाश बदलताच वेगळी दिसू शकते.

कोणता दिवस निवडावा?

सेवेत असलेली गाडी एका रूपात राहत नाही. दिवे बदलतात, चिन्हे बदलतात, ठोकर लागून दार नवे बसते. म्हणून जीर्णोद्धार करणाऱ्याला गाडीच्या आयुष्यातील एक काळ निवडावाच लागतो. ही निवड निर्हेतुक नसते. लॉस एंजेलिसच्या गाडीचे वर्ष १९६२ ठरविले तर दारावर ब्रीद येत नाही. १९६५ ठरविले तर ते येते. आणि १९६५ च्या ऑगस्टमध्ये त्याच शहरातील वॉट्स भागात पोलिसांविषयीच्या कृष्णवर्णीय नागरिकांच्या दीर्घकालीन रोषाचा उद्रेक होऊन ३४ माणसे मरण पावली. रक्षणाचे व सेवेचे वचन देणारी दोन वर्षांपूर्वीची अक्षरे त्या रस्त्यांवरून फिरणाऱ्या गाड्यांवर होती. अशी गाडी प्रदर्शनात मांडताना केवळ रंगाची शुद्धता सांगून थांबणे पुरेसे नाही. ते वचन आणि त्याचा भंग या दोहोंची ती साक्षीदार आहे.

या संदर्भात लॉस एंजेलिस पोलीस संग्रहालयाचे उदाहरण उद्बोधक आहे. फेब्रुवारी १९९७ मधील उत्तर हॉलिवूड येथील गोळीबारात सापडलेली गस्तगाडी तेथे गोळ्यांच्या छिद्रांसह ठेवली आहे. ती छिद्रे बुजवून गाडी नवी केली असती, तर तिचे ऐतिहासिक मूल्य संपले असते. वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेने, जेथे अनुमान सुरू होते तेथे जीर्णोद्धाराने थांबावे, असे तत्त्व मांडले. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२-१३ मध्ये स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेत वास्तूंप्रमाणे वाहनांकडेही सांस्कृतिक वारसा म्हणून पाहिले आहे. चुकीच्या रंगातील एक गाडी प्रदर्शनात उभी राहिली की तिची छायाचित्रे निघतात आणि पुढील जीर्णोद्धारासाठी तीच आधार मानली जातात. नकलेवरून नक्कल होत जाते आणि काही वर्षांनी मूळ चूक कोठे झाली, हे शोधणेही कठीण होते.

निष्कर्ष :

१. पोलीस मोटारीचा रंग व त्यावरील चिन्हे ही शासन व नागरिक यांच्यातील संबंधांची अधिकृत साधने आहेत. त्यांना केवळ सजावट मानता येत नाही.
२. साधनांच्या प्रतवारीत गाडीचा देह व त्यावरील पट्टी प्रथम, समकालीन आनुषंगिक छायाचित्रे त्यानंतर, तर चित्रपट व मालिका अखेरीस येतात. कोणतेही एक साधन एकट्याने पुरेसे नाही.
३. कृष्णधवल छायाचित्र रंगांची विभागणी सांगते, रंग सांगत नाही; रंगीत छायाचित्रही काळाने बदललेले असू शकते.
४. ब्रीद, दूरध्वनी क्रमांक, दिवे व आकडे यांच्या निश्चित तारखा या कालविपर्यास ओळखण्याच्या उत्तम कसोट्या आहेत.
५. काम सुरू करण्यापूर्वी सर्व थरांची व खुणांची नोंद करावी आणि मूळ रंगाचा एखादा भाग न घासता तसाच राखावा. पुराव्यावर आधारलेले काय व अनुमानाने केलेले काय, याचे टिपण गाडीसोबत ठेवावे.

राखून ठेवलेला मूळ रंगाचा वीतभर तुकडा पाहणाऱ्याला कदाचित कुरूप वाटेल. परंतु आज न सुचलेला प्रश्न घेऊन उद्या येणाऱ्या संशोधकासाठी त्या गाडीवरचा तोच एक अस्सल कागद असेल.